तीन भोकांचे बूट आणि दोन भोकांचे बूट

माझ्या दुकानातून बूट नेलेली जवळजवळ सगळी माणसं एकदा तरी पडलेली आहेत. ही जाहिरात नाही, माहिती आहे. चालत्या सायकलवरून ती पडत नाहीत. सायकल पूर्ण थांबली की पडतात. चौकात, ओळखीच्या माणसांसमोर, एखादं कपाट कलंडावं तशी सावकाश. पडताना त्यांच्या चेहऱ्यावर भीती नसते, आश्चर्य असतं.

यवतमाळात माझं सायकलचं दुकान आहे. पहिली पंचवीस-तीस वर्षं मी काळ्या सायकलींची पंक्चर काढली, दूधवाल्यांचे वाकलेले कॅरिअर सरळ केले आणि दरवर्षी शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात दुपारचं जेवण सोडलं. मग शहरातल्या डॉक्टर-इंजिनिअर लोकांना वजन कमी करायची इच्छा झाली आणि दुकानात वेगळ्या सायकली येऊ लागल्या. त्यातली पहिली आली ती आमच्या हाडांच्या डॉक्टरांची. डॉक्टरांचं नाव लिहायचं नाही, अशी त्यांनीच ताकीद दिलेली आहे. त्या सायकलला पेडल नव्हते.

मी म्हटलं, "साहेब, पेडल रस्त्यात पडले वाटते."

"पडले नाहीत. महागाची सायकल बिना पेडलचीच येते. पेडल आपल्या पसंतीनं लावायचे असतात."

"मंग स्वस्तातली काहून नाही घेतली? तिले पेडल राह्यते."

डॉक्टरांनी पिशवीतून एक डबी काढली. तिच्यात दोन छोटे लोखंडी ठोकळे होते. मला वाटलं पेडलचे आतले भाग असतील, बाकीचं दुसऱ्या डबीत असेल. तर तेच पेडल होते. पाय ठेवायला जागाच नाही. पाय त्यात अडकवायचा. त्यासाठीचे बूट वेगळे.

ज्यांनी हे प्रकरण पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. या बुटांच्या तळव्याला एक तुकडा स्क्रूने कसलेला असतो. त्याला क्लीट म्हणतात. पाय दाबला की क्लीट पेडलच्या स्प्रिंगमध्ये टक् करून बसते आणि पाय सायकलला जोडला जातो. मग पाय खाली दाबतानाच नाही, वर ओढतानाही जोर लागतो, आणि खड्ड्यात पाय घसरत नाही. सोडवायचा असेल तेव्हा टाच बाहेर फिरवायची. पाय वर ओढून तो सुटत नाही. आणि घाबरलेला माणूस पाय वरच ओढतो. सगळ्या पडण्याचं मूळ इथे आहे.

यात दोन जाती आहेत. रोडच्या बुटाला तळाशी तीन भोकं असतात. त्यावर बसणारी क्लीट प्लास्टिकची, तिकोनी, जवळपास तळहाताएवढी, आणि बुटाच्या बाहेर आलेली. बुटाचा तळ फळीसारखा कडक. जोर वाया जात नाही, पण चालता येत नाही. माणूस बदकासारखा जातो आणि फरशीवर बदकासारखाही जात नाही, बसतो. त्याच्या पेडलला तोंड एकाच बाजूला असतं. ते लोंबकळत असतं, त्याला बुटाच्या टोकाने सरळ करून मग पाय बसवायचा.

दुसरी जात डोंगरी सायकलची, एमटीबी म्हणतात ती. तिच्या बुटाला दोन भोकं. क्लीट लोखंडी, अंगठ्याएवढी, रबरी तळाच्या खाचेत लपलेली. साध्या बुटासारखं चालता येतं. पेडलला दोन्हीकडून तोंड, कसाही पाय ठेवा, बसतो. आमची काळी माती भरली तरी दोनदा आपटलं की मोकळं.

गिऱ्हाईक विचारतो, "आपल्या इकडे डोंगर कुठी हाय?"

मी सांगतो, "डोंगर नाही, पण चहाची टपरी हाय. थिथवर चालत जा लागते."

हे शहाणपण माझ्याकडे आधीपासून नव्हतं. सुरुवातीला मी सगळ्यांना रोडचेच बूट द्यायचो. चकचकीत दिसायचे. मी स्वतःही तेच घालायचो. दुकानातल्या फरशीवर ते टकटक वाजायचे आणि मला आपण कोणीतरी आहोत असं वाटायचं.

डॉक्टर आठव्या दिवशी बसस्टँडच्या चौकात पडले. बाजूच्या ऑटोत त्यांचाच एक पेशंट बसला होता, हाताला त्यांनीच घातलेलं प्लास्टर. त्याने बाहेर डोकावून विचारलं, "साहेब, उचलाले येऊ काय?" तेव्हापासून मी नियम केला. दुकानाची भिंत धरून प्रत्येक पाय पन्नास वेळा अडकवायचा आणि पन्नास वेळा सोडवायचा, त्याशिवाय सायकल न्यायची नाही. डॉक्टरांनाही करायला लावलं. त्यांनी बिनतक्रार केलं.

याच डॉक्टरांनी माझ्याकडे प्रल्हाद सरांना पाठवलं.

प्रल्हाद राठोड हे घाटंजीकडच्या एका बंजारा तांड्यावर राहणारे शिक्षक. वय चाळीसच्या आत-बाहेर. दोन वर्षांपूर्वी संध्याकाळी मोटरसायकलवर घरी जाताना रोही, म्हणजे नीलगाय, आडवा आला. रोही पळून गेला, सर गाडीखाली सापडले. डाव्या गुडघ्याखालची एक नस कायमची गेली. पाय शाबूत, मांडीत जोर भरपूर, पण पंजा वर उचलला जायचा नाही. पाऊल लोंबायचं. चालताना ते पाऊल वरून टाकायचे, दर वेळी पायरी चढल्यासारखं. पायात प्लास्टिकची एक पट्टी घालायला दिली होती, ती ते घालायचेही.

मोटरसायकलचा गिअर डाव्या पायाने पडतो, म्हणून मोटरसायकल सुटली. सायकल येत होती, पण डावा पाय पेडलवरून घसरायचा आणि पेडल फिरून पोटरीवर बसायचं. पोटरीवरचे ते व्रण त्यांनी मला पँट वर करून दाखवले. ओळीने होते.

"डॉक्टर म्हणाले, पाय अडकवायचे बूट भेटतात तुमच्याकडे," सर म्हणाले.

"भेटतात ना. कुठवर जायचं राह्यते?"

"शाळेत. नऊ किलोमीटर."

त्या वेळी माझ्या फळीवर रोडच्या बुटांची एक जोडी दीड वर्षापासून पडून होती. पांढरी, लाल पट्ट्याची, एक्केचाळीस नंबर. एका इंजिनिअरने मागवली आणि त्याची नाशिकला बदली झाली. सरांचा पाय एक्केचाळीसचा निघाला. सरांना बूट आवडले. मला तर ती पडून राहिलेली जोडी खपणार म्हणून फारच आवडले.

इथे मला थांबून स्पष्ट लिहिलं पाहिजे. ज्या माणसाचा पंजा उचलला जात नाही, तो लोंबकळणारं पेडल बुटाच्या टोकाने सरळ कसं करणार? ज्याचा घोटा ढिला आहे, तो टाच फिरवण्याचा जोर पेडलपर्यंत पोचवणार कसा? शिवाय तो बूट इतका घट्ट होता की पायातली पट्टी काढून ठेवावी लागली. हे सगळं मला दिसत होतं. तीस वर्षं हातात पाना धरलेल्या माणसाला न दिसण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण फळीवर जोडी होती.

भिंतीजवळ पन्नासचा नियम सुरू केला. पाय बसेना, तेव्हा मी पेडल हाताने धरून बसवून दिला. सुटताना सरांनी सीट सोडून सगळं अंग वळवलं, तेव्हा सुटला. असं बारा वेळा झालं. सर घामाघूम झाले. मी म्हणालो, "राहू द्या, सवय होते."

माझा नियम मी त्या एकाच माणसासाठी मोडला, आणि नियमाची खरी गरज ज्याला होती तो तोच माणूस होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटंजी रोडवर चाचणी घ्यायला निघालो. सर पुढे, मी मागे. पाच-सहा किलोमीटर सर असे काही गेले की मला गाठणं कठीण झालं. पाय घसरत नव्हता. ते मागे वळून ओरडले, "श्यामराव, दोन वर्षांनंतर वारा लागून राह्यला तोंडाले!"

पुढे वळणावर म्हशी रस्त्यात आल्या. सरांनी ब्रेक दाबला. सायकल थांबली. त्यांनी डावा पाय वर ओढला, परत ओढला, आणि मग ते डावीकडे कपाटासारखे गेले. रस्त्याच्या कडेला नाही. डावीकडच्या उतारात चाक घसरलं, सायकल फिरली आणि ते सायकलसकट डांबरावर आडवे झाले. मागून कापसाचा ट्रक येत होता.

ट्रकचा ब्रेक लागल्याचा आवाज मला अजून सांगता येत नाही. मी सायकल फेकून धावलो तेव्हा ट्रकचं पुढचं चाक सरांच्या डोक्यापासून हातभर लांब होतं. सर उठू शकत नव्हते, कारण पाय अजून पेडलमध्येच होता. मी टाच धरून फिरवली, फिरली नाही. सायकल खाली, सर खाली, पीळ बसला होता. शेवटी बुटाचे पट्टे सोडले आणि पाय बुटातून काढला. बूट पेडलला तसाच चिकटून उभा राहिला.

ट्रक ड्रायव्हर खाली उतरला. त्याने बुटाकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, मग मला म्हणाला, "चाचा, आदमी को साइकिल से बाँध के कौन लाता है?"

त्याने पाणी दिलं, सरांना केबिनमध्ये बसवलं आणि यवतमाळला आणून सोडलं.

डावं कॉलरचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी पट्टा बांधला. बाहेर येऊन मला म्हणाले, "पाठवताना मी नीट चिठ्ठी द्यायला हवी होती. अर्धी चूक माझी." ते चांगले आहेत म्हणून अर्धी म्हणाले.

सरांना भेटायला मी महिनाभर गेलो नाही. रोज उद्या जाऊ म्हणायचो. दुकानात बूट मागायला कोणी आलं की संपले म्हणून सांगायचो. बायको म्हणाली, "तुम्ही आजारी हाय का?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "मंग जाऊन या. कुठी जायचं ते तुमाले माहीत हाय."

त्या महिन्यात एक काम मात्र केलं. पुण्याच्या एका ओळखीच्या दुकानदाराला फोन लावून सगळा प्रकार सांगितला. तो म्हणाला, दोन भोकांच्या बुटात एक वेगळी क्लीट येते. ती टाच फिरवल्यावर सुटतेच, पण घाबरून पाय वर आणि तिरका ओढला तरी सुटते. शर्यतवाले ती घेत नाहीत, म्हणून कोणी ठेवत नाही. मी मागवली. बूट चव्वेचाळीस नंबरचा मागवला, म्हणजे आत पट्टीसकट पाय मावेल. उजव्या पायाला साधं रुंद पेडल आणि साधी चप्पल. उजवा पाय कधी अडकवायचाच नाही.

त्यामुळे चव्वेचाळीस नंबरचा एक उजवा बूट आजही माझ्याकडे नवाकोरा पडून आहे. त्याचा गिऱ्हाईक अजून आला नाही. येऊही नये.

पिशवीत सगळं भरून मी एसटीने घाटंजीला आणि तिथून तांड्यावर गेलो. दारात कांताबाई, सरांच्या पत्नी, तूर पाखडत बसल्या होत्या. मी नाव सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"तुमीच काय ते? बूटवाले काकाजी?"

"हो."

"या मंग. पाणी घ्या. पाणी पेल्यावर बोलतो."

मी पाणी प्यालो. इतकं सावकाश पाणी मी आयुष्यात प्यालेलो नाही.

"त्याईले एक पाय कमी चालते हे तुमाले दिसत नव्हतं?"

"दिसत होतं, वहिनी."

"मंग?"

"माझी चूक झाली. दुकानात जोडी पडून होती. ती खपवली."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी काही सबब सांगेन असं त्यांना वाटलं असावं. आतून सर आले. खांद्याचा पट्टा निघाला होता. माझी पिशवी बघून त्यांचे डोळे चमकले, आणि ते कांताबाईंनी बघितलं. मग दोघांचं गोरबोलीत जोरदार बोलणं झालं. मला त्यातला एकही शब्द कळला नाही, पण कोण काय म्हणत होतं ते कळलं.

शेवटी सर माझ्याकडे वळून मराठीत बोलले, म्हणजे मला साक्षीदार करून. "श्यामराव, ही मले रोज स्कुटीवर शाळेत सोडते, संध्याकाळी घ्याले येते. मधात वावरात जाते. एक दिवस कुरकुर केली नाही तिनं. पण आमचे पणजे बैलांच्या पाठीवर माल लादून मुलूखभर फिरले. अन् मी? मी मालासारखा जातो. कोणी आणून ठेवते, कोणी उचलून नेते."

सुपातली तूर कांताबाईंनी एकदा हातानेच सारखी केली. मग म्हणाल्या, "बूट इकडे आणा. आधी मी घालून पायतो."

सरांची सायकल गोठ्याच्या खांबाला टेकवली. मी पेडल बसवले. कांताबाईंनी लुगड्याचा काष्टा आवळला, चव्वेचाळीस नंबरचा बूट पायात घातला, आत चिंध्या कोंबल्या आणि सीटवर बसल्या. टक् करून पाय बसला. त्यांनी वर ओढला. सुटला नाही.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ट्रक ड्रायव्हरनंतर तसं कोणी माझ्याकडे पाहिलं नव्हतं.

"थांबा, थांबा," मी म्हणालो. स्प्रिंगचा स्क्रू मी कारखान्यातून आला तसाच ठेवला होता. अॅलन कीने तो सगळ्यात ढिला केला. "आता ओढा. थोडा तिरका."

सुटला. परत अडकवला, परत सुटला. मी पन्नासचा नियम सांगितला. त्या म्हणाल्या, "पन्नासनं काय होते?" आणि शंभर केले. तोवर तांड्यातल्या बाया जमल्या होत्या. एकीने विचारलं, कांता मुंबईला चालली काय सायकलनं?

शंभर झाल्यावर त्या खाली उतरल्या. मला वाटलं, झालं. त्या म्हणाल्या, "आता तुमी पडून दाखवा."

"मी?"

"खांब धरून कोणीबी पाय काढते. पडताना निंगते का ते पायचं हाय. तुमी पडा."

गोठ्याच्या बाजूला सोयाबीनच्या कुटाराचा, म्हणजे मळणीनंतर उरलेल्या भुशाचा, ढीग होता. माझं वय तेव्हा एकोणसाठ. मी बूट घातला, ढिगाच्या बाजूने सायकल चालवली, थांबलो आणि डावीकडे पडलो. पाय सुटला. मी कुटारात बसलो.

"हा तुमी मुद्दाम काढला. न सांगता पडा."

न सांगता कसं पडायचं, याचा मी विचार करत असतानाच त्यांनी हँडलला धक्का दिला. मी पडलो. पाय सुटला. असं सात वेळा झालं. चौथ्या वेळी चष्मा कुटारात गेला, तो सरांनी शोधला. सातव्या वेळी मला उठताना हात कांताबाईंनीच दिला. म्हणाल्या, "चहा मांडतो."

माझ्या धंद्यात मला कोणी प्रमाणपत्र दिलेलं नाही. त्या चहाला मी ते समजतो.

दुसऱ्या आठवड्यापासून सर सायकलने शाळेत जाऊ लागले. डाव्या पायात पट्टी, तिच्यावर तो मोठा काळा बूट, उजव्या पायात चप्पल. बूट शाळेत घालूनच फिरता येतो, वर्गात फरशीवर घसरत नाही. पेडलला दोन्हीकडून तोंड असल्याने बघावं लागत नाही. हे सगळं ते मला फोनवर सांगायचे, आणि दर वेळी शेवटी आवाज बारीक करून म्हणायचे, "पण ही मागून येते."

कांताबाई रोज स्कुटीवर त्यांच्या मागे जायच्या. पन्नास फूट अंतर ठेवून, नऊ किलोमीटर, सायकलच्या वेगाने. शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन परत वळायच्या. संध्याकाळी तसंच. रस्त्यावरच्या लोकांना वाटायचं, नवरा-बायकोचं भांडण झालंय. सरांनी खूप सांगून पाहिलं. मी एकदा फोनवर सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "काकाजी, तुमी कुटारात पडले. रोडवर कुटार नसते."

असे दीड-दोन महिने गेले.

एक दिवस सकाळी दुकान उघडून मी झाडत होतो. फोन वाजला. सरांचा नंबर, पण आवाज कांताबाईंचा. वाऱ्याचा आवाज येत होता, म्हणजे रस्त्यावरूनच बोलत होत्या.

"काकाजी, हे पडले."

माझ्या हातातला झाडू खाली गेला.

"कुत्रं आडवं आलं. थांबले अन् डाव्या अंगावर गेले. मी मागंच होती, सारं पाह्यलं. पाय निंगाला. जमिनीवर टेकायच्या आधीच निंगाला. उठून उभे झाले, आता सायकलची चैन बसवून राह्यले."

मागून सरांचा आवाज आला, फोन मला दे म्हणून. कांताबाईंनी दिला नाही.

"बरं, मी कायले फोन केला," त्या म्हणाल्या, "उद्यापासून मी मागं नाही जात. वावरात काम पडलं हाय."

फोन बंद झाला. मी स्टुलावर बसलो. पंक्चर काढून घ्यायला दोघं आले, त्यांना बसायला सांगितलं. मग लक्षात आलं, सरांना कुठे लागलं का, हे विचारायचं राहूनच गेलं.